त्या वर्षापर्यंतची गाणी

पालघरला सातपाटीच्या रस्त्यावर आमचं घर होतं. वडील रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी माळ्यावरचा तबला खाली काढला, शाई घालून आणली आणि ‘आता तू शिकव, मी ठेका धरतो’ असं मला सांगितलं. मी गाण्याच्या काही परीक्षा दिलेल्या होत्या आणि माझं लग्न जमत नव्हतं. दुपारी घरात बसून राहण्यापेक्षा बरं, म्हणून मी ओटीवर वर्ग सुरू केला. साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील.

सुरुवातीला मला शिकवलं होतं तसंच मी शिकवायला घेतलं. सा लावून बसायचं, मग सारेगम, मग अलंकार. मुलं जांभया देत. एक मुलगी तर बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली. आमच्या घराला लागून एक हॉटेल होतं आणि तिथं दिवसभर रेडिओ चाले. माझा वर्ग चालू असताना तिकडून गाणं लागलं की माझ्यासमोरची सगळी तोंडं आवाज न करता हलायला लागायची. बाबांनी ते पाहिलं.

‘‘अगं, जे त्यांच्या तोंडात आहे, तिथूनच सुरू कर ना,’’ ते म्हणाले.

मला ते पटलं नव्हतं. पण मुलं टिकेनात, तेव्हा केलं. आणि जमलं. सिनेमाची बहुतेक गाणी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाहीत, पहिला शब्द जरा आधी उचलावा लागतो आणि दोन-तीन अक्षरं गेल्यावर सम येते. मुलं पहिल्याच शब्दावर टाळी देत, आणि मग अख्खं गाणं तिरकं चाले. आम्ही त्यांना अंगणात गोल चालायला लावू. गाणं म्हणत चालायचं आणि सम आली की पाय आपटायचा. ज्याचा पाय चुकीच्या जागी पडे, त्याला सगळे हसत. सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा एवढ्यावर निम्मी गाणी निघत. मग सूर. रेडिओवरच्या बाईच्या पट्टीत गायला जाऊन मुली किंचाळायच्या. मी पट्टी खाली आणायची, एकच ओळ संथपणे गाऊन घ्यायची आणि पेटीवर दाखवायची, की ही बघा, तुमच्याच गाण्यात सारेगम आहे. मुलं डोळे मोठे करून बघत.

बोईसरहून दोन बहिणी गाडीनं येत. त्यांचे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होते, घरी हिंदी बोलत. बाकी मुलं बाजारपेठेतली, स्टेशनातली. आणि एक मुलगी खाडीपलीकडच्या मुरबे गावची.

तिला तिची आई घेऊन आली. आई पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. खाडी तरीनं, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीनं, ओलांडून सातपाटी, तिथून एसटी, असा तिचा रोजचा रस्ता. मुलगी चौदा-पंधराची, आईएवढीच उंच. मासळीची पाटी ओट्याखाली ठेवून आई म्हणाली, ‘‘बाय, हिला गानं शिकवा. रेडिओ वाजला का ही तितंच उबी ऱ्हाते, गिराईक निघून जाते. शिकली तर निदान खूळ तरी जाल.’’

खूळ गेलं नाही. तिचा आवाज मोकळा आणि रुंद होता, वाऱ्यात हाका मारून झालेला. पण तालात ती अगदीच वाईट होती. आवडलेल्या अक्षरावर ती थांबून राही, मन भरलं की पुढे जाई. ठेका तोवर पुढे निघून गेलेला असायचा. बाबांनी तिला समोर बसवलं, तिचा तळहात आपल्या मांडीवर पालथा ठेवला आणि त्यावर बोटांनी ठेका देत तिला गायला लावलं. तिचे आईबरोबर बाजारात यायचे जे दिवस होते, त्या प्रत्येक दिवशी हे चाले. पावसाळा संपेपर्यंत ती अशी तयार झाली, की बाबा मुद्दाम मध्येच लय वाढवायचे आणि ती त्यांच्याकडे न बघता समेवर येऊन बसायची. बाबांना इतकं खुश झालेलं मी माझी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. नव्या मुलांना गोल चालवायचं काम मग तिनं आपल्याकडे घेतलं. ‘‘तोंडानं गा, पायानं मोज,’’ ती ओरडायची. ‘‘दोनी कामं तोंडाला कशाला देतंस?’’

दुसऱ्या वर्षी थंडीत तिला खोकला लागला. आधी आम्ही साधा समजलो. मग संध्याकाळचा ताप येऊ लागला, ती वाळत गेली. एकदा गाताना खोकला आला आणि तिनं पदराला तोंड पुसलं, तेव्हा रक्ताचा डाग मी पाहिला आणि बोईसरच्या थोरल्या बहिणीनंही पाहिला.

क्षय निघाला. डॉक्टरांनी सुया सांगितल्या, रोज एक, कित्येक महिने. रोज मुरब्याहून येणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून तिची मावशी पालघरला भाड्याच्या खोलीत राहायची, तिच्याकडे ती राहिली. सुई घेऊन परतताना ती आमच्या ओट्यावर टेकायची. ‘‘गायचं नाही,’’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती नुसती बसायची आणि टाळी धरायची.

वर्गातली मुलं एकेक करून यायची थांबली. कुणी काही भांडलं नाही. एकीच्या आईनं देवळात मला गाठून खालच्या आवाजात विचारलं, ‘‘तिचं येणं बंद करणार नाही का तुम्ही?’’ मी बाबांना विचारलं. बाबा पान लावत होते. ते म्हणाले, ‘‘ओट्यावर उघड्या हवेत बसते. मुलांना आत बसव. त्याउपर ज्याला जायचं त्यानं जावं.’’ बहुतेक गेले. बोईसरच्या बहिणीही गेल्या. काही दिवस असे होते, की आत कुणीच नसायचं आणि बाहेर ती एकटी.

सुया सुरू होऊन बरेच आठवडे झाले होते. खोकला कमी झाला, अंगावर मांस दिसायला लागलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला होता, तेव्हाच ती एकदा म्हणाली, ‘‘बाय, तुमच्या वाडीत रातकिडं लय झालं हाय.’’

भर दुपार होती. मी म्हटलं, ‘‘मला नाही ऐकू येत.’’

‘‘वरडतात की. दोनी बाजूंनी.’’

पुढच्या आठवड्यात पायरी उतरताना ती तोल जाऊन भिंतीवर आदळली. होडीत उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणाली. मग हॉटेलातला रेडिओ हळू का लावतात, असं विचारायला लागली. मी तिला आणि तिच्या आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी तिच्या मागे उभं राहून हाक मारली, घड्याळ कानाशी धरलं. मग तिला बाहेर बसवून आम्हाला सांगितलं. सुयांनी कधी कधी कानांवर असा परिणाम होतो. आणखी दिल्या तर राहिलेलं ऐकणंही जाईल. थांबवल्या तर आजार उलटेल, आणि उलटला की मग हाताशी फार काही नाही. नुसत्या गोळ्यांवर तिचा आजार आवरेल असं त्यांना वाटत नव्हतं. मुंबईला विचारून बघतो, पण तोवर ठरवायला हवं, असं म्हणाले.

तिच्या आईनं मला विचारलं, ‘‘बाय, म्हंजे काय?’’

मी पुन्हा सांगितलं. तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि ती एका हाताचं बोट दुसऱ्या हातानं घासत होती. तिचा धाकटा दीर याच आजारानं गेला होता, हे मला नंतर कळलं.

‘‘कान जाऊं दे,’’ ती म्हणाली. ‘‘पोर ऱ्हाऊं दे. द्या सुया.’’

‘‘तिला विचारायला हवं,’’ मी म्हटलं.

‘‘ती काय सांगल? ती गानंच सांगल.’’ आई उठली. ‘‘तिला मी सांगते. तुमी नका सांगू, तुमच्यावर तिचा जीव हाय.’’

तिनं काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी सुई घेऊन ओट्यावर आली आणि मला म्हणाली, ‘‘बाय, येतात तेवडी समदी गानी एकदा म्हना. मी नाय म्हनत, नुसती ऐकते.’’ मी तिच्या कानाशी बसून गायले. बाबा आतून तबला घेऊन बाहेर आले. दिवे लागेपर्यंत आम्ही तिघं तिथं होतो. ती हसली-रडली नाही. एखादी ओळ नीट आली नाही की ‘‘परत’’ म्हणायची. असं पुढे बरेच दिवस चाललं, रोज थोडं मोठ्यानं, रोज थोडं आणखी जवळून. शेवटी शेवटी मी ओरडत होते, गात नव्हते. रस्त्यावरचे लोक थांबून बघत.

सुया संपल्या. ती बरी झाली. मुंबईत काढलेला छातीचा फोटो डॉक्टरांनी आम्हाला खिडकीशी धरून दाखवला. तिला आता काही ऐकू येत नव्हतं.

गायला परवानगी मिळाली तेव्हा ती नवं लुगडं नेसून आली. बाबांनी तबला तिच्या इतका जवळ ठेवला, की तिचा गुडघा डग्ग्याला लागत होता. तिला सर्वांत आवडणारं गाणं तिनं उचललं. पहिला शब्द बरोबर आधी, सम बरोबर जागेवर. पहिली ओळ जवळपास सुरात होती. दुसऱ्या ओळीत आवाज खाली सरकला, अंतऱ्यात वर जाण्याऐवजी कुठेतरी भलतीकडेच गेला. मी पेटी बंद केली. बाबा थांबले नाहीत, शेवटपर्यंत वाजवत राहिले. तीही शेवटपर्यंत गायली, एकही मात्रा न चुकता.

मग तिनं आमच्याकडे पाहिलं. ‘‘चुकलं?’’

मी पेटी पुन्हा उघडली आणि सा धरला. तिला तो ऐकू येणार नव्हता.

आम्ही सोडून दिलं नाही. मी तिचा एक हात माझ्या गळ्यावर ठेवायची, दुसरा तिच्या. सा लागला की कंप सारखा व्हायचा आणि ती मान डोलवायची. एक सूर तिला लावता यायला लागला. कधी कधी पंचमही. त्यापुढे नाही. हात गळ्यावर ठेवून गाणं होत नाही. सुरांमधली चाल बोटांना कळत नाही. उन्हाळाभर आम्ही प्रयत्न केला. मग एकदा तिनंच माझ्या गळ्यावरचा हात काढून घेतला आणि नेहमीसारखी फार मोठ्यानं म्हणाली, ‘‘बाय, पुरं. तुमच्या तोंडाकडं बगून मला कळतंय.’’

त्यानंतर ती वर्गात आली नाही. वर्ग पुन्हा भरला, कारण आता भ्यायचं कारण उरलं नव्हतं. बोईसरच्या बहिणीही आल्या. त्यांच्या तोंडात नवी गाणी होती. मला ती शिकवावी लागली. बाबा मात्र ठेका धरायला बसेनात. हात दुखतो म्हणायचे. मी टाळ्यांवरच भागवू लागले.

ती आईशेजारी बाजारात बसायची. गिऱ्हाईक काय मागतं ते ओठांवरून आणि बोटांवरून ओळखायची. मी मासळी घ्यायला गेले की विचारायची, ‘‘नवं काय आलं?’’ मी तिच्या तळहातावर ठेका द्यायची. ‘‘दादरा,’’ ती सांगायची, किंवा ‘‘केरवा’’. बरोबर असायचं. पुढे विचारायला तिच्याजवळ काही नसायचं आणि सांगायला माझ्याजवळ. त्या वर्षापर्यंतची गाणी तिच्याकडे होती, पुढची नव्हती. आईच्या सांगण्यावरून ती खाडीच्या तरीत बसून अजून गायची. ‘‘मानसं हसतात,’’ आई म्हणाली. ‘‘मी हसूं देते. तिला कुटं ऐकाया येते?’’

आजाराआधी एका ठिकाणी तिचं लग्न ठरलं होतं, ते सासरच्यांनी मोडलं. क्षय एक कारण, बहिरेपण दुसरं. पुढे एडवणच्या एका बिजवराशी जमलं. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, दोन मुलं होती, स्वतःची होडी होती. माणूस वाईट नव्हता, एवढंच मला तिच्या आईनं सांगितलं.

हळदीला मी मुरब्याला गेले. बाबांना यायचं होतं, पण तरीत चढण्याइतकं बळ त्यांच्या अंगात उरलं नव्हतं. मांडवात गाणाऱ्या बायकांचा घोळका होता. जुनी हळदीची गाणी म्हणत होत्या, मध्येच एखाद्या पोरीनं सिनेमातली चालही घुसवली. ती पाटावर बसली होती, तोंड आणि दंड पिवळे झालेले. बायका गात होत्या त्या बाजूला तिची पाठ होती. मी समोर दिसले तेव्हा तिनं सगळ्यांवरून आवाज काढून विचारलं, ‘‘बाय, चांगली गातात ना?’’

गाणाऱ्या थांबल्या. मग काही जणी हसल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. मी मान हलवली, हो म्हणून. तिनं एक क्षण माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळद लावणाऱ्या बाईसमोर दुसरा हात धरला.