खरं, बनवलेलं, माहीत नाही

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाणी, स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, लेकीचा डबा. नवरा मालट्रकवर, पंधरा दिवसांनी घरी. सात वाजता ती काचेच्या कारखान्यात माझ्या समोरच्या टेबलाशी उभी असायची. बावीस वर्षं आम्ही समोरासमोर काच कापली. दोनदा मोजल्याशिवाय ती कापायची नाही, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणायचे. ती चिडायची नाही. म्हणायची, "तुमच्यासारखं अंदाजपंचे कापलं, तर मालक मलाच कापेल."

तिची लेक आठ वर्षांची. शाळेतून आली की आजीच्या फोनवर एक मालिका बघायची. तीत एक मुलगी बंद खिडकीतून आरपार उडी मारते, काचा उडतात आणि ती कपडे झटकून पळत सुटते. एका संध्याकाळी मोजपट्टी घरी आली, तर लेक तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातल्या खिडकीशी उभी. कोपराला टॉवेल गुंडाळलेला. काचेला तडा गेलेला. दुसऱ्या धडकेची तयारी चाललेली.

तिने लेकीला मागे ओढलं. "ते सगळं खोटं असतं, कळलं?" एवढंच म्हणाली. तडकलेली काच काढून तिथे प्लायवूड ठोकलं. विषय संपला, असं तिला वाटलं.

महिन्याभराने माझा तळहात कापला. सहा टाके पडले. दवाखान्यातून येताना तिचं घर वाटेत होतं, पाणी प्यायला थांबलो. पट्टी लाल झाली होती. लेक जवळ आली, वाकून पाहिलं आणि हसली.

"काका, रंग मस्त जमलाय."

सासूबाईही हसल्या. "बघा, कशी चलाख आहे."

मोजपट्टी हसली नाही. दुसऱ्या दिवशी मी एका हाताने काचा पुसत होतो, तेव्हा म्हणाली, "दादा, मी अर्धंच सांगितलं. सगळं खोटं म्हणून मोकळी झाले. उद्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तर ही टाळ्या वाजवेल."

"फोन काढून घे."

"फोन काढेन. डोक्यातलं चित्र कसं काढू?"

त्या दिवसापासून तिने नियम केला. फोन फक्त संध्याकाळी अर्धा तास, तोही दोघींनी मिळून. लेकीने मध्येच चित्र थांबवायचं आणि सांगायचं: खरं, बनवलेलं की माहीत नाही. दहा तास उभं राहून आलेली ती बाई तो अर्धा तासही भिंतीला टेकून उभीच राहायची. बसली की डोळा लागायचा.

"कुत्रा खरा. त्याचं बोलणं बनवलेलं," लेक म्हणायची.

"बरोबर. पुढे."

एकदा बातम्यांत पूर आला. लेक म्हणाली, "बनवलेलं."

"नाही. ते पाणी खरं आहे. ती छपरावरची माणसंही खरी."

"आणि ती बाई रडतेय ते?"

"तू सांग."

लेक बराच वेळ बघत राहिली. "खरं."

सासूबाई खाटेवरून बोलायच्या, "आम्ही चार पोरं वाढवली, ती काय रोज परीक्षा घेऊन?"

"तुमच्या पोरांच्या हातात फोन नव्हता, आई. सुटलात."

एका रविवारी मालकाला विचारून तिने लेकीला कारखान्यात आणलं. चष्मा घातला, हातमोजे घातले आणि भंगारातली एक जाड काच हातात दिली.

"जड आहे गं."

"असू दे. मी सांगेपर्यंत धर."

मग काच जमिनीवर ठेवली, वर गोणपाट टाकलं आणि लेकीच्या हातात हातोडी दिली. गोणपाट उचललं, तर खाली सुरीसारखे लांब तुकडे. मोजपट्टीने एक तुकडा उचलून आपल्या जुन्या चामडी एप्रनवरून हलकेच ओढला. चामडं चिरलं गेलं.

"तुझी कातडी याहून किती पातळ आहे, बघ."

लेकीने स्वतःचं कोपर चाचपलं. "मग मालिकेतल्या ताईला का लागत नाही?"

मला वाटलं, आता ही पुन्हा 'खोटं असतं' म्हणणार. ती म्हणाली, "तुला काय वाटतं?"

"तिची काच वेगळी असेल."

"कशाची?"

"माहीत नाही."

"मलाही नाही. शोधून काढ."

आठ दिवस लेकीने शाळेतल्या बाईंचं डोकं खाल्लं. मग येऊन आम्हाला सांगितलं: तशी काच साखरेच्या पाकासारखी ओतून बनवतात, ती सहज चुरते. ताईच्या जागी उडी मारणारी बाई वेगळीच असते, खाली गादी असते आणि ती त्या एका उडीची कितीतरी दिवस तयारी करते.

"म्हणजे तीपण कामावरच असते," लेक म्हणाली. मग माझा हात मागितला. टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवत सहा मोजले.

"दुखलं होतं?"

"हो."

"मी हसले होते."

"हो," मी म्हणालो. काही नाही, असं म्हणालो नाही. कारण काही नव्हतं असं नव्हतं.

प्लायवूडमुळे जिन्यात दिवसाही अंधार असायचा. मालक म्हणाला, भंगारातला तुकडा घेऊन जा. मोजपट्टीला तो नको होता. तिने दोन महिने रविवारी जादा काम केलं आणि तापवून कडक केलेली काच मागवली; ती फुटलीच तर सुऱ्या होत नाहीत, बोथट दाणे होतात. अशी काच नंतर कापता येत नाही. माप चुकलं की गेली. खिडकीची चौकट तिने या वेळी तीनदा मोजली.

काच तिघांनी वर नेली. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला लेक, मागे पुट्टी आणि खिळे घेऊन मी. प्रत्येक मजल्यावर लेक म्हणायची, "थांबू या?" आई म्हणायची, "खाली न ठेवता थांब."

काच बसली. जिन्यात उजेड आला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची चिमुरडी वर आली आणि कोपर उगारून म्हणाली, "मी त्या ताईसारखी—"

लेकीने तिचं कोपर हवेतच धरलं. "थांब. ही काच खरी आहे. तुझं कोपरपण."

मोजपट्टी वळली नाही. दोन महिन्यांच्या रविवारांची मजुरी त्या चौकटीत बसली होती, आणि कडेची पुट्टी अजून ओली होती. ती अंगठ्याने दाबत राहिली.