मानाची जोडी

जनावरांच्या दवाखान्यात उमेदीची वर्षं काढली की स्वभाव संशयी होतो. माझा झाला. गाय "आपोआप" लंगडायला लागली म्हणणाऱ्याच्या हातातली काठी मी आधी बघायचो. म्हैस "कालपासून" खात नाही असं कुणी म्हणालं, की मनातल्या मनात आठवडा धरायचो. जनावराला बोलता येत नाही आणि मालकाला खरं बोलता येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. घरी दूधवाल्यालाही मी असे काही प्रश्न विचारायचो, की बायको म्हणायची, "तुम्ही आत जा बरं, दूध मी घेते."

पावसानं पाठ फिरवलेल्या वर्षातली ही गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच शेंद्र्याकडच्या एका गावातून फोन आला. गावाची बरीचशी जमीन कारखान्यांसाठी गेली होती. पैसा आला तसे ट्रॅक्टर आले आणि दावणी रिकाम्या झाल्या. एका म्हाताऱ्यानं मात्र हौसेनं खिलारी जोडी राखली होती. गावात बैल म्हणायला तेवढेच. त्यातला एक पहाटे मेला होता आणि दुसरा खाली बसला होता.

मी पोचलो तर गोठ्यापुढं ही गर्दी. मेलेल्या बैलाच्या शिंगांना कालचा बेगड तसाच होता. म्हातारा काठी घेऊन त्याच्याशेजारी बसला होता आणि कुणाला जवळ फिरकू देत नव्हता.

"इख घातलं, सायब," तो म्हणाला. "धाकट्याच्या घरचं काम हाय. पोलीस येऊस्तोवर ह्याला हात लावू देनार नाय."

धाकटा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. वाटणी झाल्यापासून दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि अंगणात मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत उभी होती.

"मेलेल्याचं, विषाचं नंतर बघू. हा जिवंत आहे त्याचं सांगा. काल यानं काय खाल्लं?"

"काय नाय. रोजचं वाढं, उसाचं. अन् घरची पोळी, निवदापुरती."

बैल मान टाकून बसला होता. दात खात होता, तोंडाला लाळ होती, मागं पातळ हगवण होती. फवारणीच्या औषधाची बाधा असेल तर एक इंजेक्शन तातडीनं द्यायला हवं होतं. पण नुसतं खाणं बाधलं असेल, तर त्याच इंजेक्शननं बैलाचं बसलेलं पोट आणखी बसलं असतं आणि बैल हातचा गेला असता. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, खात्री होईना.

मी गर्दीला विचारलं, "काल बैल तुमच्या दारी आले होते ना? कुणी काय काय चारलं?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"आमच्याकडं आलेच नाय."

"आले, पर आमी निस्तं कुंकू लावलं."

नव्या सोसायटीतली एक बाई म्हणाली, "आम्ही फक्त फोटो काढले."

पोळ्याला दारी आलेला बैल कुणी कोरड्या तोंडानं परत पाठवतं का? सगळे धडधडीत खोटं बोलत होते. माझं डोकं फिरलं. गावानं मिळून काही केलंय का, इथपर्यंत माझी मजल गेली. म्हाताऱ्यानंच विम्यासाठी काही केलं असेल, हेही मनात येऊन गेलं. शेवटी मी ओरडलो, "अरे, हा पण मरेल! मग बसा पोलिसांची वाट बघत!"

तेव्हा भिंतीपलीकडून धाकट्याची बायको आली. पदर सावरून, थोरल्या दिराकडं न बघता माझ्याशीच बोलली.

"सायब, मी चारल्या पोळ्या. टोपलीभर. मिरवनूक निघायच्या आधी, भिंतीवरून. वाटनीत जोडी तिकडं गेली, पर वासरं व्हती तवा ह्यांना भाकर मीच चारलीया."

म्हातारा काठी आपटत उठला. "ऐकलं का सायब? कबूल झाली!"

मी मधे उभा राहिलो. ती घाबरली होती, पण हलली नाही. उलट बायांकडं वळली. "आता बोला की गं! माझ्यादेखत ताटं पुढं केली तुमी. मुक्या जनावराचा जीव चाललाय."

मग एकेकीला कंठ फुटला. कुणी पुरणपोळ्या, कुणी गव्हाची खीर, कुणी भिजवलेली डाळ. सोसायटीवाल्या बाईनं शिरा कबूल केला, वर बिस्किटंही. पूर्वी हा सगळा मान गावभरच्या बैलांत वाटला जायचा. आता अख्ख्या गावाचं पुण्य दोनच पोटांत गेलं होतं, तेही उन्हाळाभर वाळक्या वाढ्यावर काढलेल्या पोटांत.

बैलाच्या घशातून पोटात नळी घातली तसा आंबूस वास आला आणि पिवळा लगदा बाहेर पडायला लागला. मी पोट धुवत होतो आणि धाकट्याची बायको बादल्यांतून खाण्याचा सोडा कालवून देत होती. दुपारी बैल उठून उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळा हात शेणानं माखून घेतला. मग पोलीस आले. मेलेल्याचं पोट उघडलं तर आत तोच लगदा. म्हाताऱ्याला जवळ बोलावून दाखवला.

ती उठलेल्या बैलाला कडब्याची पानं चारायला आली होती. बैलानं तिच्या हाताकडं जीभ काढली. तेवढ्यात म्हातारा माझ्याजवळ सरकला.

"सायब, आता खरं सांगा. तिच्याच पोळीत कायतरी असंल ना?"

तो त्याच्या मते हळू बोलला होता, पण म्हाताऱ्या माणसाचं हळू ते. मी चिडून म्हणालो, "अहो, बैल तिच्यामुळं उभा आहे!" म्हाताऱ्यानं मान हलवली, पण माझं म्हणणं त्याला पटलं नव्हतं.

तिनं हात मागं घेतला. बैल मान लांबवत राहिला. ती दोन पावलं चालून दिरासमोर आली, कडबा त्याच्या हातात दिला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

"घ्या. तुमीच चारा."