रक्त आणि पाण्यामधला पडदा

बायकोने एकादशी धरली आणि मी कॉलेजात शिकवत असताना रताळ्याचा कीस आणि केळी खाल्ली. तिच्यासारख्या डायलिसिसच्या पेशंटला हे चालत नाही, दोन्हींत पोटॅशियम भरपूर, पण उपास मोडणं तिच्या जिवावर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठेना.

"अवो, पायात जीवच नाही राह्यला," ती म्हणाली.

शेगावच्या दवाखान्यात ईसीजी पाहून डॉक्टर गंभीर झाले. "पोटॅशियम फार वाढलंय. हृदय कधीही थांबू शकतं." एक इंजेक्शन देऊन त्यांनी तिला लगेच डायलिसिसच्या मशीनला जोडलं.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. खाली तेलासारखा पाण्यात न मिसळणारा, पण पाण्याहून जड द्रव, वर पाणी, अशा काचेच्या भांड्यासमोर माझी पीएच.डी. झाली. विद्युतभार असलेला कण, म्हणजे आयन, या दोघांमधली सीमा कशी ओलांडतो? काही जण म्हणत, तिथे उंच उंबरठा असतो. अंगावरचं पाण्याचं पांघरूण टाकून आयनाला तो चढावा लागतो. दुसरे म्हणत, उंबरठा नाहीच. मागे पाण्याचा धागा ओढत तो हळूहळू सरकतो. मी या दुसऱ्यांच्या बाजूने तोंडी परीक्षेत हिरिरीने भांडलो होतो.

इथे तर तेलही नव्हतं. एका बाजूला तिचं रक्त, दुसऱ्या बाजूला मशीनचं पाणी, मध्ये सच्छिद्र पातळ पडदा. पोटॅशियम जास्तीकडून कमीकडे जाणारच. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण ते हृदय थांबायच्या आत जाईल का?

तेवढ्यात मशीनशेजारचा मॉनिटर किंचाळला. त्यावरची रेषा सपाट झाली. मी पलंगाकडे धावलो.

"सर, बाजूला व्हा!" नर्स धावत आली. तिने चादर उचलली. छातीवरची वायर सुटली होती.

"खाजून राह्यलं होतं, म्हणून ओढली," बायको पुटपुटली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी काऊन थरथरून राह्यले?"

मी खाली बसलो. ती डोळे मिटायची, मी हाक मारायचो.

"झोपू द्या न मले!"

दुपारी पुन्हा रक्त तपासलं. पोटॅशियम उतरलं होतं. डॉक्टर हसले, तेव्हा कुठे मी पाणी प्यालो.

अजूनही ती जरा जास्त वेळ गप्प बसली, की मी उगाच काहीतरी विचारतो. ती चिडते. चिडली, की मला बरं वाटतं.