इराच्या केसांतलं अत्तर

मंडी मोहल्ल्यात भवानीबाईंचं घर कुणाला विचारावं लागत नाही. नाक असलं की पुरे. काळ्या कच्च्या उदबत्त्या मुठीत धरायच्या, ताटातल्या अत्तरात बुडवायच्या, निथळून कागदावर पसरायच्या, हे त्यांचं काम. नवरा गेल्यापासून बाईंनी यावरच घर चालवलं, मुलगा वाढवला, त्याचं लग्न लावलं. पणजोबा इथं, कानडी मुलखात, महाराजांच्या घोडदळात होते, हे त्या आल्यागेल्याला सांगतात खरं. पण पोट भरलं ते उदबत्तीनं, तलवारीनं नव्हे.

बाईंची एक खोड मात्र जगावेगळी. ताटाच्या तळाला थोडं अत्तर उरायचंच. ते टाकून द्यायला जीव होईना. मग बाई ते बोटांनी निपटून नातीच्या, इराच्या, केसांना आणि मानेला चोळायच्या. इरा तिसरीत. शाळेत तिच्या शेजारी बसायला पोरींची भांडणं होत, आणि आजीला त्याचा कोण अभिमान! दुधावरची साय ती; तिच्यासाठी काय करू नि काय नको, असं बाईंना होई.

एके दिवशी सून सुमा इराला न्हाऊ घालून बाहेर आली. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, इराची छाती भरायला लागलीय. दुखतंय म्हणते."

"अय्यो, सुम्मने, उगीच घाबरतीस. खातीपिती पोर आहे, अंगानं भरणारच," बाई म्हणाल्या. मनातून तर त्या खूशच झाल्या. पोर मोठी झाली की इकडे तिला साडी नेसवून पाटावर बसवतात, ओवाळतात, तिळगुळाची चिगळी भरवतात. गल्लीतल्या कितीतरी पोरींना बाईंनीच ओवाळलेलं. त्यांनी तिळाचा डबाही उघडून पाहिला. सुमा मात्र ऐकेना. आठ वर्षांची पोर, हे काय मोठं व्हायचं वय झालं? तिनं इराला दवाखान्यात नेलं, आणि सासूलाही बरोबर ओढलं.

डॉक्टर सुप्रीता यांनी इराला तपासलं, हाताचा एक्स-रे काढायला लावला. हाडं वयाच्या पुढं पळत होती. असंच चाललं तर पाळी लवकर येईल, आणि उंची वाढायचीही लवकर थांबेल, असं त्या म्हणाल्या. कारणं पुष्कळ असतात, कधी वजन, कधी आनुवंशिकता, कधी काहीच सापडत नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात रसायनांचं काही काम चालतं का?"

सुमानं सगळं सांगितलं. अत्तर पातळ करायला जे तेलकट रसायन घालतात, तसल्या काही रसायनांमुळे शरीरातल्या हार्मोनांचं काम बिघडत असावं, असा संशय आहे, डॉक्टर म्हणाल्या. पक्कं कुणी सांगू शकत नाही. पण पोरीला त्यापासून लांब ठेवलेलं बरं.

बाईंचा पारा चढला. "देवापुढं लावतात ते. देवाला चालतं, आणि पोरीला चालत नाही होय?"

"देव ते केसांना चोळून घेत नाही, आत्याबाई," सुमा म्हणाली.

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटं, कागद, डबे सगळं त्यांनी कच्चा माल देणाऱ्या ठेकेदाराच्या शेडमध्ये हलवलं. आता त्या काम करायला तिकडेच जातात. परत आल्या की आधी न्हातात, लुगडं बदलतात, मगच इराला जवळ घेतात. घराचा वास जायला बरेच महिने लागले.

पुढच्या तपासणीला बाई शेडमधून तशाच, न न्हाता, दवाखान्यात आल्या. इराची वाढ मंदावली होती, सध्या इंजेक्शनं नकोत, असं डॉक्टर म्हणाल्या. सुमाचे डोळे भरून आले. बाईंनी मात्र इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"मग ते माझ्याच हातानं झालं होतं का?"

"सांगता येत नाही, आजी. काही मुलींचं आपोआपही थांबतं."

डॉक्टर हो म्हणाल्या असत्या, तर बाई रडून मोकळ्या झाल्या असत्या. नाही म्हणाल्या असत्या, तर रात्री झोप लागली असती. आता ना हे, ना ते. तेवढ्यात बाहेर वजन करायला गेलेली इरा पळत आली, आणि आजीच्या कुशीत शिरायला निघाली. बाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"थांब गं बाळ," त्या म्हणाल्या, "घरी गेल्यावर."