आक्काच्या पानातला भात

माझी थोरली बहीण, आक्का, लग्नाला आली आणि झपाट्यानं वाळू लागली. सारखी तहान, सारखी भूक. आप्पांनी तिला येळ्ळूरहून बैलगाडीनं बेळगावच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मधुमेह सांगितला. विलायतेत यावर सुई निघाली होती म्हणे, पण ती आमच्यापर्यंत कुठली पोचायला! आमच्या हातात राहिलं ते पथ्य. भात, गूळ, बटाटा बंद. पालेभाजी, मटकीची उसळ, ताक आणि जोंधळ्याची लहानशी भाकरी चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आमचं गाव भाताचं. पोरीला एकटीला वेगळं जेवावं लागू नये म्हणून आईनं सगळ्या घराचाच भात बंद केला. आक्कानं वर्षभर तग धरला, मग अंथरूण धरलं.

डॉक्टर घरी येऊन तिला तपासून गेले. निघताना म्हणाले, "आता हिला आवडेल ते खाऊ द्या."

आई हरखली. "बरी झाली गं माझी पोर!" म्हणत तांदूळ धुवायला धावली. आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आक्कानं माझा हात धरला.

"आईला काय सांगू नगंस गं," ती म्हणाली.

आईनं दूधभात कालवून भरवला. आक्कानं दोन घास कसेबसे गिळले. "लई ग्वाड लागतोय," म्हणून हसली आणि तोंड मिटून घेतलं.

त्याच आठवड्यात ती गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आई सांगायची, "जाताना पोटभर जेवली माझी लेक." आम्ही कुणीच कधी नाही म्हणालो नाही.