ब्राझीलचा गडी अन् आडवा दाजी

साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात फुटबॉलला एकदाही पाय न लावता जन्मभर फुटबॉल खेळलेला एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साळा निघाला. बायकोचा धाकटा भाऊ, देऊळघाटचा. त्याचा सगळा खेळ तोंडानं चालतो, आणि तोही स्वतःचा नाही. ब्राझील नावाच्या देशात कोणे काळी उजव्या कडेनं पळणारा एक गडी होऊन गेला, त्याचा खेळ हा आमच्याकडं खेळतो. त्या गड्याला त्याच्या आईनंही एवढं ओळखलं नसेल. बाकी ब्राझील कुठं आहे हे माझ्या साळ्याला माहीत नाही. एकदा मी विचारलं तर त्यानं बिनधास्त लोणारकडं हात केला आणि म्हणाला, "तिकून पुढं."

हा रोग त्याला कलकत्त्याला लागला. तरुणपणी तो ट्रकवर क्लीनर होता. कापसाच्या गाठी घेऊन गेले आणि तिथं गाडीचं इंजिन बसलं. पार्ट येईना, ड्रायव्हर गावी पळाला आणि मालकानं याला गाडीपाशी राखण ठेवलं. हा एका चहावाल्याच्या बाकड्यावर राहिला. त्या चहावाल्यानं भिंतीवर देवीच्या फोटोशेजारी ब्राझीलच्या गड्याचा फोटो लावलेला आणि दोघांत मिळून एकच उदबत्ती. तो रोज त्या गड्याची कहाणी सांगायचा, अर्धी बंगालीत, अर्धी हिंदीत. साळ्याला अर्धी समजली, उरलेली त्यानं पदरची घातली. लोक कलकत्त्याला जातात तर बहिणीला साडी आणतात. यानं हा गडी आणला.

कहाणी म्हणाल तर मला झोपेतही पाठ आहे. गडी गिरणीच्या गावचा, गरिबाचा. पाय दोन्ही वाकडे, तेही एकाच अंगाला वाकलेले, जसं वाऱ्यानं पऱ्हाटीचं झाड कलतं. डॉक्टर म्हणाले, पोरगं नीट चाललं तरी देवाची कृपा समजा. हा दिवसभर पाखरं धरत हिंडायचा, म्हणून नावही एका चिमुकल्या पाखराचं पडलं. शहरातल्या मोठ्या टीमनं परीक्षा घ्यायला बोलावलं, तर पहिल्याच दिवशी त्यांचा सगळ्यात नामी गडी यानं असा नाचवला की तोच म्हणाला, याला ठेवून घ्या, उद्या दुसरीकडून माझ्यासमोर यायला नको. मग जगाचा कप आणला. पुढच्या खेपेला टीमचा मोठा खेळाडू लंगडत बाहेर बसला, तर यानं बाकीच्यांना ओढत नेऊन पुन्हा कप आणला. आणि डाव किती? एकच. चेंडू पायाशी घेऊन थांबायचं, डावीकडं झुकायचं, उजवीकडून निघून जायचं. सगळ्या जगाला ठाऊक की हा उजवीकडूनच जाणार.

"मंग अडवत काऊन नव्हते बे?" मी एकदा विचारलं.

"ठाऊक असून काय होते दाजी? आक्का कवा भांडन काढते हे तुमाले ठाऊक नाही का? अडवता आलं एकदा तरी?"

आतून माझी बायको म्हणाली, "बराबर बोलला."

आता यातलं विष सांगतो. तो गडी समोर आडवा येणाऱ्याचं नाव कधी विचारायचा नाही, म्हणे. देश कोणताही असो, सगळ्यांना एकच नाव ठेवायचा. चहावाल्यानं ते नाव सांगितलं होतं, पण माझा लेकाचा साळा ते वाटेत विसरला आणि त्या जागी त्यानं 'दाजी' बसवलं. झालं. तेव्हापासून साऱ्या दुनियेचे बचाववाले दाजी झाले. "आला का दाजी आडवा! झुकला गडी डावीकडं, दाजीबी झुकला! गेला गडी उजवीकडून, बसला दाजी!" असं म्हणून तो मांडीवर थाप मारतो आणि ऐकणारे माझ्याकडं पाहून हसतात. पंगतीत, मयतीत, पोळ्याच्या मिरवणुकीत मी पडलेलो आहे. ज्या देशांची नावंही मला घेता येत नाहीत, तिथल्या मैदानांवर मी बुडावर आपटलेलो आहे.

आमच्या गावच्या, धाडच्या बाजारात तर त्यानं कमालच केली होती. वांगेवालीच्या ढिगातली वांगी उचलून रस्त्यावर ओळीनं मांडली. "हा समदा रशिया," म्हणाला, आणि एक लिंबू घेऊन त्या वांग्यांतून नागमोडी निघाला. वांगेवाली चवड्यावर उठली. "रशिया घ्याचा असंन तं घे रे बाप्पा, नाही तं मांडून नको ठेवू! नासून जाईन माह्यावाला रशिया!" शेवटी बायकोनं तो रशिया घरी आणला आणि आम्ही दोन दिवस भरीत खाल्लं. जीपमध्ये बसला तरी तेच. बुलढाण्याहून निघताना पायांपासून सुरुवात करतो. आमच्या ओळखीचा जीपवाला सलीमभाई फाटा आला की ओरडतो, "मामू, गोल मारो जल्दी, धाड आ गया!" आणि मामू गोल मारल्याशिवाय उतरत नाहीत. मागचे हॉर्न वाजवून राहिले तरी नाही.

याचं मूळ त्याच्या उजव्या पायात आहे, हे न सांगितलं तर त्याच्यावर अन्याय होईल. तो पाय जन्मापासून आत वळलेला. पोरं त्याच्यामागं लंगडत चालून त्याला रडवायची. माझी बायको त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची, आणि या पोचवण्यात तिची स्वतःची शाळा कधी बुडाली हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. कलकत्त्याहून आला तो गाडीच्या धुळीसकट आधी आमच्या दारात. "आक्का, दुनियेत एक गडी होता, माह्यासारख्या पायाचा!" ती चुलीपुढून उठली आणि तिनं त्याची दृष्ट काढली. त्याची की त्या ब्राझीलवाल्याची, देव जाणे. मी म्हटलं, पाय सारखे असून काय उपयोग? त्यानं दोनदा कप आणला. याला साखर आणायला धाडलं तर हा गूळ घेऊन येतो.

मागच्या वर्षी बायकोनं अंथरूण धरलं. साळा रोज एसटीनं यायचा. हात हलवत यायचा, ना फळ ना फूल. खाटेपाशी बसायचा आणि पायांपासून सुरू करायचा. ती काही खात नव्हती. लेक, सून, मी, सगळे पेजेची वाटी घेऊन हरलो. मग ध्यानात आलं की कहाणीत दाजी पडला की तिचं तोंड हसायला उघडतं आणि तेवढ्यात चमचा आत जातो. मग काय, मीच वाटी घेऊन बसू लागलो. तो मला पाडायचा, मी तिला भरवायचो. वाटी संपेपर्यंत दिवसाकाठी निम्मं जग आडवं व्हायचं.

कहाणीत दुसरा कप आला की ती विचारायची, "मंग पुढं काय झालं बे त्या पोराचं?"

हा लगेच पिशवी उचलायचा. "गाडीची येळ झाली आक्का. उद्या सांगतो." आणि उद्या पुन्हा पायांपासून.

एकदा मी त्याला स्टँडवर गाठलं. "काऊन सांगत नाही बे तिले? रोज इचारून राह्यली ते."

तो चपलेनं माती उकरू लागला. "दाजी, त्याचं पुढं लई वंगाळ झालं. गुडघे गेले. दारू लागली. घर सुटलं. म्हातारा व्हाच्या आंधीच गेला. खाटंवरच्या मानसाले हे सांगू? तुमी सांगा मंग."

मी त्याला गाडीत बसवून दिलं. त्याच महिन्यात ती गेली. शेवटपर्यंत विचारत होती आणि हा शेवटपर्यंत उद्या म्हणत होता.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवला, सगळे मागं सरकलो. बाभळीवर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेल तर शपथ. तिचं काहीतरी राहिलं, असं बायका कुजबुजू लागल्या. लेक पुढं होऊन म्हणाला, "आई, बाबाले मी काही कमी पडू देनार नाही." एका कावळ्यानं पंख खाजवला. लेकीनं लेकरांच्या शिक्षणाचं सांगितलं. मी म्हणालो, "तंबाखू सोडतो." कावळे जागचे हललेही नाहीत. जन्मभर तीही हलली नव्हती या वचनावर. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू. मी म्हटलं, "गवताचा कावळा तिले चालनार नाही. तिनं बाजारात कधी नकली बांगडी घेतली नाही." पण मनात आलं, ती अशीच अडकून राहिली तर मी घरी कोणत्या तोंडानं जाऊ?

तेव्हा साळा वाकड्या पायानं लंगडत पुढं झाला. "दाजी, तिचं माह्यापाशी राह्यलं."

पिंडापासून हातभर लांब तो उकिडवा बसला आणि सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर ब्राझीलच्या गड्याचं पुढचं सांगू लागला. गुडघे सांगितले. दारू सांगितली. गुरुजी माझ्याकडं पाहत होते, मी नदीकडं. "पन आक्का," तो म्हणाला, "मेला तवा समदं गाव रस्त्यावर उतरलं. ज्यायनं त्याले खेळताना पायलं होतं ते, अन् ज्यायनं नुसतं आयकलं होतं तेबी. लोकायले त्याचं मरन नाही आठवत. त्यायले ते उजवीकडून जानंच आठवते."

एक कावळा खाली उतरला. पिंडाच्या अलीकडंच थांबला. तेवढ्यात कुठून तरी एक कुत्रं पिंडाच्या वासानं पळत आलं. त्याला हाकलायला मी आडवा धावलो, शेवाळावर पाय गेला आणि धोतरासकट पाण्यात बुडावर बसलो. कुत्रं घाबरून पळालं. कावळा उडाला, डावीकडं झुकला आणि उजवीकडून येऊन पिंडाला चोच मारून गेला.

"बसला दाजी!" साळा सवयीनं ओरडला आणि त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मग बायकोची म्हातारी मावशी हसली, रडत रडत हसली, आणि तिच्यामागं सगळी नदी. मी मुद्दाम पडलो असं धाडमध्ये अजून बोलतात. ज्यांना तसं वाटतं त्यांनी त्या शेवाळावर एकदा पाय ठेवून पाहावा.

आता साळा बाजाराच्या दिवशी येतो. हात हलवतच येतो, सुधारला नाही. घरात पेजेची वाटी नाही आणि हसणारं तोंडही नाही. दोघं म्हातारे ओट्यावर बसतो. "सांगू का?" विचारतो. मी म्हणतो, "सांग, पायापासून सांग." तो मला पाडतो. रशियात पाडतो, आणखी कुठं कुठं पाडतो. मी पडत राहतो. कहाणीतला दुसरा कप येतो आणि तो थांबतो, कारण इथं विचारणारं माणूस आता नाही. मला पुढचं सगळं ठाऊक आहे. सगळ्या गावासमोर ऐकलं आहे. तरी आतल्या रिकाम्या खाटेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी विचारतो, "मंग पुढं काय झालं बे त्या पोराचं?"

तो पिशवी उचलतो. "गाडीची येळ झाली दाजी. उद्या सांगतो."