डाव्या पायडलचे आटे

आमच्या घरात वस्तू आपोआप मोडायच्या. रिमोट फुटला, मिक्सरचं भांडं पडलं, दाराची कडी निखळली, भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. मी हे असंच सांगायचो आणि ऐकणारे मान डोलवायचे. मराठीत ही मोठी सोय आहे. पेला फुटला म्हटलं की फोडणारा वाक्यातून अलगद बाहेर पडतो, आणि पेल्यानंच जणू स्वतःहून जीव दिला असं वाटतं. गंमत म्हणजे मी वर्ध्याजवळ सेलूच्या एका शाळेत मराठी शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर वाक्य लिहून मुलांना कर्ता ओळखायला लावतोय.

त्या संध्याकाळी मी पेपर तपासत होतो. बायकोनं विचारलं, जेवता का. मी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. एवढंच झालं. माझ्या हाताशी पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो हातातून सुटल्याचं मला कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसत होती. डाव्या भुवईतून रक्त गालावर, गालावरून पदरावर. पेपर भिजले होते, आणि लाज वाटते सांगायला, माझं पहिलं लक्ष पेपरांकडे गेलं.

डॉक्टरनं तीन टाके घातले. कसं झालं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा तिच्याआधी मीच बोललो. "तांब्या लागला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून वडनेरला भावाकडे निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "लागला नाई, मारला. अन् तुमी मारला. हे वाक्य ज्या दिवशी तोंडातून निघन, त्या दिवशी मले न्यायले या."

मी दार आपटलं. कडी पुन्हा निखळली.

पंधरा दिवसांनी मी फोन केला, की येतो न्यायला. तिनं विचारलं, कसे येता. म्हटलं, गाडीनं.

"गाडीनं येऊ नोका. ते सुरू नाई झाली का लाता मारता तिले, अन् तोच राग घेऊन येता. सायकलनं या."

"सायकलनं? सत्तर किलोमीटर?"

"पाहू ना, वडनेरपर्यंत राग टिकते का."

तिची ही थट्टा मला झोंबली. पण घर खायला उठलं होतं. सकाळी स्वतःचा चहा स्वतः करून प्यायचा आणि भांडी आदळायची तरी कोणाला ऐकवायला? सायकल तर सायकल म्हटलं. अडचण अशी की मी सहा फूट दोन इंच. तयार सायकलवर माझे गुडघे हँडलला धडकतात. आधीची एक सायकल मी पंक्चर झाली म्हणून पुलावरून नाल्यात भिरकावली होती. म्हणजे, 'गेली' असं सांगितलं होतं.

सिंदीला रेल्वे फाटकाच्या अलीकडे एक मिस्त्री होता. पंचावन्नच्या पुढचा, बुटका, मनगटं मात्र जाडजूड. लांब पल्ल्याच्या सायकली तो माणसाच्या मापानं बांधून द्यायचा, असं एका सहकाऱ्यानं सांगितलं. मी गेलो. त्यानं मला भिंतीशी उभं केलं, दोन पायांच्या मध्ये पट्टी धरून वर रेटली, हात मोजले, खांदे मोजले. मग विचारलं, "कुठं जाचं आहे, सर?"

"वडनेर."

"वडनेरले जायले एवढी सायकल?"

सायकल बांधून होईपर्यंत ते वाक्य म्हणायला लागणार नव्हतं, हे मला तिथं उभ्या उभ्याच कळलं होतं. म्हणून मी एकेक सुटा भाग निवडायला लागलो, आणि निवडतच राहिलो. फ्रेमसाठी हलक्या पोलादाची नळी. पुढचं चाक धरणारा चिमटा, मागं सामान बांधलं तरी न डगमगणारा. प्रत्येक चाकाला छत्तीस तारा. कातडी सीट. क्रँक, म्हणजे ज्याला पायडल लागतं तो दांडा, मी पुण्याहून मागवला. चांदीसारखा, हलका, ॲल्युमिनियमचा. दर रविवारी मी सिंदीला जायचो. दोन महिने असेच गेले. वडनेरहून फोन यायचा बंद झाला.

मिस्त्रीच्या दुकानातली भाषा मला फार आवडायची. हवा मार. ग्रीस मार. ब्रश मार. दोन हातोडे मार. पान्याचा अर्धा आटा मार. दिवसभर सगळे मारतात आणि कोणालाच लागत नाही, असा विनोद मी एकदा केला होता. तो हसला नाही.

तेही मला खटकायचं. मी त्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायचो, कारण बसायला जागा तेवढीच होती. तिथून काही विचारलं की तो बऱ्याचदा उत्तरच द्यायचा नाही. मी दुसऱ्यांदा विचारायचो, आवाज चढवून. दुसऱ्यांदा विचारावं लागणं म्हणजे काय ते त्या दोन महिन्यांत मला कळायला हरकत नव्हती, पण कळलं नाही. उलट वाटायचं, किती माज आहे याला. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना तो एकेक तार बोटानं छेडायचा आणि उजवा कान चाकाला लावून ऐकायचा. सैल तार वेगळी वाजते म्हणे. मान वाकडी करून, डोळे मिटून तो ऐकत बसला की एखादा मोठा गवई वाटायचा, आणि मला त्याचाही राग यायचा.

शेवटचा रविवार आला. सायकल उभी होती. गडद हिरवी, माझ्या कमरेएवढ्या उंचीची, सुंदर. फक्त पायडल लावायचे राहिले होते. ते मी लावतो म्हटलं. मिस्त्री सीट पुसत होता.

"डावा उल्टा फिरते, सर," तो म्हणाला. "अन् त्याच्यावर बारीक अक्षर राह्यते, ते पाहजा."

मला शिकवतो का, असं मनात आलं. पायडल उचलला आणि डाव्या क्रँकला लावला. दोन वेढ्यांत अडकला. मी लांब पाना घातला. तरी जाईना. उलटा फिरवून पाहिला, सुलटा फिरवून पाहिला. कपाळावर घाम आला आणि घामाबरोबर नेहमीचं ते आलं, छातीतून वर चढणारं, कानात भणभणणारं. मी पान्यावर पाय दिला आणि अख्खा भार टाकला. कर्रर्र झालं. पायडल आत गेला, पण वाकडा, आणि क्रँकच्या भोकातून ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस बाहेर आला.

उजवा पायडल मी डावीकडं कोंबला होता. भोकातले आटे पार गेले होते. दोन महिने वाट पाहून आलेला क्रँक माझ्याच हातानं खलास झाला होता.

"आटे गेले!" मी ओरडलो. "कसला क्रँक बसवला तुम्ही? आटेच गेले याचे!"

तो माझ्याकडे पाठ करून सीट पुसत राहिला. मी पुन्हा ओरडलो, त्याच्या डाव्या कानापाशी, पूर्ण घशानं. त्यानं मान वळवली नाही. मग मी त्याचा खांदा धरून त्याला गर्रकन फिरवलं. उजवा हात वर गेला. त्या हातात पाना होता. फाटकाजवळच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मी मारणार होतो. यात काही शंका नाही, मी मारणारच होतो.

त्यानं हात आडवा धरला नाही. माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि तोंड हळूच फिरवून डावा गाल पुढं केला.

"मारा," तो म्हणाला. "पण इकडून मारा. हा कान तसाबी तुमच्या बाबाचाच आहे."

मला काही कळेना.

"सातवीत होतो मी. मोठ्या गुरुजीनं दिली होती एक. पाढा चुकला होता. तवापासून इकडून काई ऐकू येत नाई. एक उजवा राह्यला, तो कामाचा आहे. तो तेवढा सोडा."

माझे वडील सिंदीच्या शाळेत मास्तर होते, मी कोणाचा मुलगा ते गावात सगळ्यांना ठाऊक. ही गोष्ट मला माहीत होती. आमच्या घरी ती जेवताना सांगितली जायची, हसत. "एका पोराले हात लागला माह्या, मंग वर्षभर वर्ग कसा चूप!" आम्ही भावंडंही हसायचो. त्या पोराचं पुढं काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही. हात लागला होता, बस. हात काय, कोणाचाही कोणालाही लागतो.

पाना खाली आला. मी तो ठेवला की पडला, आता नीट आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं हीसुद्धा सवयच आहे. मी टाकला.

मी स्टुलावर बसलो, आणि म्हणालो, "मी आटे घालवले."

तो क्रँककडे वाकून भोकात बोट फिरवत होता. त्यानं ऐकलं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. दोन महिने डाव्या बाजूलाच होतो. मी उठलो, सायकलला वळसा घातला, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवा बसलो.

"आटे मी घालवले," मी म्हणालो. मग आणखी एक वाक्य होतं. ते मी ढकलून बाहेर काढलं. "आणि तुमच्या कानावर बाबांनी मारलं."

"मले ठाव आहे," तो म्हणाला. "घ्या, हा बोल्ट चिमटीत धरा."

भंगाराच्या डब्यातून त्यानं एक जुना लोखंडी क्रँक काढला. गंजलेला, पण आटे शाबूत. डावीकडं तो बसवला. उजवीकडचा चांदीसारखा, डावीकडचा तांबडा. दिसायला अगदी विजोड. डावा पायडल त्यानं माझ्या हातात दिला आणि मी तो उलटा फिरवत, बोटांनी, जोर न लावता आत घेतला.

पुढच्या रविवारी पहाटे निघालो. वर्धा गेलं, हिंगणघाट गेलं. मागून एक ट्रक इतका जवळून गेला की मी रस्त्याखाली उतरलो, आणि शिवी तोंडात आली. एक कुत्रं दोन किलोमीटर मागं लागलं. राग टिकतो, हे मला तिला सांगायचं होतं. सत्तर किलोमीटर सहज टिकतो. फक्त पाय थकले की तो कोणावर काढायचा ते सुचत नाही.

वडनेरला पोचलो तेव्हा ती पायरीवर तुरी निवडत होती. भुवईवर पांढरी रेघ राहिली होती, तिथं केस उगवले नव्हते. तिनं सायकलकडे पाहिलं. मग डाव्या क्रँककडे.

"हे एकच काऊन असं?"

"मी मोडला," म्हटलं. "माझ्या हातानं."

ती सूप तसंच धरून राहिली. सायकल टेकवायलाही मला जागा दिसेना. हँडल धरूनच मी म्हणालो, "तांब्या लागला नाई. मी मारला. तुले मारला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. उठून आत गेली. मला वाटलं, बॅग आणायला गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, उन्हातून आलेल्या कोणालाही देतात तसा. तो तिनं माझ्या हातात दिला नाही. पायरीवर ठेवला, आणि दोन पावलं मागं सरून दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

मी वाकून तांब्या उचलला. तिचा हात आपोआप भुवईकडे गेला.

मी पाणी प्यायलो आणि तांब्या पायरीवर ठेवला, दोन्ही हातांनी, आवाज न करता.